जा, गेनाऊ

त्या वर्षी जर्मनीतल्या एर्लेनहाउझेन गावच्या शिवाराची पावसानं चांगलीच थट्टा केली. उन्हाळाभर थेंब पडला नाही. स्टुटगार्टच्या विमानतळावर उतरणारी विमानं तेवढी डोक्यावरून गडगडत जायची आणि शेतातली माणसं सवयीनं वर बघून पुन्हा खाली बघायची. मग कोबीची कापणी तोंडावर आली आणि पाऊस आठवडाभर मुक्कामालाच बसला. तहानलेल्या गड्ड्यांनी अधाशासारखं पाणी ओढलं आणि ते उभ्या जागी तडकायला लागले. तडकलेला कोबी आंबवणीच्या कारखान्यात घेत नाहीत. तो कापायचा आणि शेवटी नांगराखाली गाडायचा, म्हणजे कष्ट तेवढेच आणि हाती भोपळा.

शेत होतं हेबर्लेबाईचं. फ्राऊ हेबर्ले सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा दूर हांबुर्गला जहाजांच्या कंपनीत. दोन्ही गुडघे तिनं बदलून घेतले होते. आवाज मात्र मूळचाच ठेवला होता. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर राजानंद आणि अरुणा भाड्यानं राहायचे. राजानंद गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, मुलगी धम्मदीपा जवळच्या गिम्नाझियम शाळेत नववीला. आणि अरुणा, जिची ही गोष्ट, ती नवऱ्याचा आणि मुलीचा डबा भरून झाला की गमबूट चढवून खाली कोबीत उतरायची.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. इथं राहायला आल्यावर पहिली शरदऋतूतली कापणी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली. म्हातारी एकटी वाकून कापत होती, पोलंडहून येणारे मजूर त्या वर्षी आले नव्हते. हिंगणघाटकडच्या एका गावात आईबरोबर कापूस वेचत वाढलेली अरुणा किती वेळ नुसती बघणार? ती खाली गेली आणि हात पुढे केला. हेबर्लेबाईनं तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सुरी तिच्या हातात दिली. नेमणूक झाली ती तेवढ्यावरच, कागद नंतर रंगले.

राजानंदला ते मुळीच रुचलं नाही. माझी आई मजुरीतून सुटावी म्हणून मी शिकलो, आणि तू बी.एस्सी. होऊन, विमानात बसून, पुन्हा मजुरीलाच आलीस, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून अरुणा वाद घालायची नाही. संध्याकाळी गरम पाण्यात बोटं बुडवून बसताना एवढंच म्हणायची, की अहो, घाम आला की मला आपण कुठं आहोत ते कळतं.

तिथला कोबी टोकदार असतो, खाली रुंद आणि वर निमुळता, आणि त्याला मशिन चालत नाही. पायानं खालची पानं दाबायची, डाव्या हातानं गड्डा कलता करायचा, उजव्या हातानं लांब पात्याची सुरी देठात घालायची आणि एका ओढीत सोडवायचा. मग तो छातीशी धरून गाडीवर फेकायचा. माती चिकट, दहा पावलं चाललं की बुटाला बुटाएवढीच माती. आणि त्या पठारावर वारा असा, की डोळ्यांतून पाणी यायचं थांबत नाही. म्हणून अरुणा ओढणी बांधायची. डोक्यावरून घेऊन, नाकातोंडावरून फिरवून, मागे मानेवर घट्ट गाठ. कापसाच्या वावरात शिकलेली आणि पुढे पुण्यात नोकरीला असताना स्कूटरवर पक्की झालेली ती बांधणी. फक्त दोन डोळे उघडे. हेबर्लेबाई रोज सकाळी तिला बघून म्हणायची, की आरुना, आज कुठली बँक लुटायची आहे. आणि अरुणा म्हणायची, “जा, गेनाऊ.”

हे ‘जा, गेनाऊ’ प्रकरण आता सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. जर्मनीत नवी आली तेव्हा अरुणाला वाटायचं, ही माणसं आपल्याला सारखी ‘जा, जा’ का म्हणतात. दुकानात जा, डॉक्टरकडे जा, शाळेत बाई हसतमुखानं जा, जा. आपल्याकडे घरातून निघतानासुद्धा ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मग कळलं की ‘जा’ म्हणजे ‘हो’ आणि ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी बरोबर’. तेव्हापासून ते दोन शब्द तिला असे सापडले, की जणू जर्मनीची किल्लीच. वर्गात शिकलेलं जर्मन तिला येत होतं, परीक्षाही पास झाली होती. पण या गावातली माणसं श्वाबेनची बोली बोलायची, आणि तीही तोंडात गरम बटाटा असल्यासारखी. कळलं नाही की अरुणा म्हणायची, जा, गेनाऊ. एकदा नळवाल्यानं काहीतरी विचारलं, ती म्हणाली जा, गेनाऊ, आणि त्यानं स्वयंपाकघरातलं सिंकच उचलून नेलं. त्या वेळी सगळे पोट धरून हसले.

तिचे वडील असते तर हसले नसते. नामांतराच्या आंदोलनात त्यांच्या खांद्यावर काठी बसली होती आणि तो हात पुढे जन्मभर कानाच्या वर गेला नाही. तशाच हातानं ते तिच्या वेण्या घालायचे. तिची आई पाटलाच्या दारात सगळ्याला ‘हो जी, हो जी’ म्हणायची. तिला बदलायचं वय निघून गेलं होतं. पण अरुणाला ते म्हणायचे, “न समजता हो जी म्हणायचं नाही, पोरी. समजलं नाही तर पुन्हा विचारायचं. तेवढ्यासाठी तर शिकवतोय.” ती तेव्हाही मान डोलवायची.

आता त्या सालचा तंटा. गावाच्या शिवेवरच्या शेतांवर एका कंपनीला मोठं गोदाम बांधायचं होतं. शेजारचं वावर विकलंही गेलं होतं, आणि गोदामाचा रस्ता हेबर्लेबाईच्या कोबीतून काढायचा बेत चालला होता. गावानं पाट्या लावल्या, सभा घेतल्या. मग शहरातून तरुण पोरंपोरी आली आणि विकलेल्या वावरात तंबू ठोकून बसली. त्यांच्या मागोमाग पोलिसांची गाडी आली. बांधावर उभी राहिली ती हललीच नाही. तिच्या टपावर उंच दांडा, दांड्यावर कॅमेरा. तो सावकाश इकडून तिकडे फिरायचा, तंबू बघायचा, आणि परत येताना कोबी कापणाऱ्या दोघींनाही बघायचा.

कुणी बघत असताना वाकून काम करणं वेगळं असतं. अरुणा कुर्ता मागून सारखा खाली ओढायला लागली. पूर्वी दोघी गाडीच्या आडोशाला जाऊन मोकळ्या व्हायच्या. आता त्या दांड्यापासून आडोसा असा उरलाच नाही. बदललेल्या गुडघ्यांनी म्हातारी तेवढ्यासाठी घरापर्यंत जायची आणि यायची, आणि येताना दातओठ खायची. रोज सकाळी ती एक तडकलेला गड्डा दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्याला दाखवायची आणि ओरडायची, की हा घ्या, याचंही चित्र काढा, याचा काय गुन्हा आहे तेही शोधा. गाडीतले पोलिस हसायचे. अरुणाला मात्र हसू यायचं नाही.

कारण घरात नागरिकत्वाचा अर्ज टाकलेला होता. आइनब्युर्गरुंग. तिघांचाही. वर्षभर थांबून आता निकाल जवळ आला होता, आणि राजानंदनं जेवताना निक्षून सांगितलं होतं, की कोबी काप, पण त्या तंबूंकडे मान वळवून बघूही नकोस. पोलिसांत एकदा नाव गेलं की अर्ज तिथंच गोठला. दीपाला त्यानं तेच सांगितलं. दीपा जर्मनमध्ये म्हणाली, की शेत वाचवणं हा गुन्हा आहे का. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमधूनच यायचं. दाणे मराठी टाका, पीठ जर्मनच पडणार.

शनिवार उजाडला. विकलेल्या वावरातली वरची माती खरवडायला त्या दिवशी यंत्रं येणार होती. पहाटेपासून पोरं यंत्रांच्या वाटेवर बसली. गावातली माणसंही जाऊन बसली, बेकरीवाला, पाद्री, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले म्हातारे. आणि हेल्मेट घातलेल्या पोलिसांच्या रांगाच्या रांगा. कोबीला सुट्टी नव्हती. अरुणा आणि हेबर्लेबाई बांधाच्या अलीकडे कापत राहिल्या. पलीकडून भोंग्याचा आवाज यायचा, मधेच कुणीतरी किंचाळायचं. दोन पोलिस एका मुलाचं मनगट पिरगाळून त्याला उठवताना अरुणानं पाहिलं. त्याचं अंग त्या दुखण्यानं आपोआप वर आलं. तिनं मान खाली घातली आणि पुढचा गड्डा धरला.

दुपार कलली तशी म्हातारीला राहवेना. लोक सकाळपासून बसलेत, वारा बघ कसा आहे, त्यांना चहा दे, असं ती म्हणाली. तिला स्वतःला तेवढं चालवेना. अरुणा क्षणभर थबकली. नवऱ्याचं बोलणं आठवलं. पण तहानलेल्याला पाणी द्यायला कुणाची परवानगी घ्यायची? पाण्यासाठी तर तिच्या आजोबांच्या पिढीनं मार खाल्ला होता. तिनं म्हातारीच्या घरून चहाचा मोठा थर्मास भरून आणला, पेले पिशवीत घातले आणि बांध ओलांडला. ओढणी तोंडावर तशीच होती. आणि कापणीची सुरी अॅप्रनच्या चामडी म्यानात तशीच होती. ज्याच्या अंगाला सुरी रोज असते त्याला ती आहे हे आठवत नाही.

रांगेतला एक उंच पोलिस पुढे आला. हेल्मेटच्या काचेआडून तो काहीतरी बोलला. वाऱ्यात तिला एकच शब्द ऐकू आला, ‘फेरमुमुंग’. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तिनं ढीगभर प्रश्न घोकले होते, पण त्यात हा शब्द नव्हता. तिला तो ‘फेरझामलुंग’ वाटला, म्हणजे सभा. सभेला चाललात का, असं तो विचारत असणार. तिनं थर्मास दाखवला आणि म्हटलं, “जा, गेनाऊ.”

तो विचारत होता, की सभेत तोंड झाकायला बंदी आहे हे ठाऊक असूनही तुम्ही मुद्दाम झाकलं आहे का.

त्याची नजर खाली गेली. त्यानं अॅप्रनकडे बोट करून विचारलं, की हे हत्यार तुम्ही सभेत घेऊन चाललात का. तिला वाटलं, तो पिशवीतल्या पेल्यांबद्दल बोलतोय. अरुणा मन लावून म्हणाली, “जा, जा, गेनाऊ.” ओढणीआड हसलीसुद्धा, पण ते हसू कुणाला दिसणार!

मग सगळं एकदम झालं. तो मागे सरला आणि ओरडला, त्याच्या शेजारचे दोघे ओरडले, कुणाचा हात कमरेला गेला. तिच्या डोक्यातलं जर्मन भुर्रकन उडालं. उरला तो नुसता आवाज. थर्मास ठेवावा म्हणून ती वाकायला लागली आणि हात आपसूक अॅप्रनकडे गेला, आणि तेवढ्यात रांगेच्या पलीकडून, बसलेल्या माणसांमधून, एक आवाज आला.

“आई, जा म्हणू नको! काहीच म्हणू नको. हात वर कर, आई. सुरी आहे तुझ्याकडे. हात वर.”

दीपा तिथं होती. बापाला न सांगता आली होती. त्या सगळ्या शिवारात ते मराठी एका माणसासाठी होतं आणि ते त्या माणसापर्यंत पोचलं. अरुणानं दोन्ही हात वर केले. थर्मास खाली पडून फुटला. पुढचं अरुणाला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. उजवं मनगट मागे वळवलं गेलं आणि खांद्यापर्यंत आग गेली. गुडघे मातीत टेकले. गालाखाली ओली माती आणि तिचा तोच रोजचा वास. कुणीतरी मागची गाठ ओढत होतं, आणि गाठ सुटेना म्हणून ओढणी केसांसकट ओरबाडली गेली. प्लास्टिकची पट्टी मनगटात रुतली. एका पोलिसबाईनं गाडीच्या आडोशाला नेऊन तिचं अंग चाचपलं, मग कोबीचं पान केसांत अडकलेल्या अवस्थेतच तिचा समोरून आणि बाजूनं फोटो काढला. लघवीला जायचं आहे, हे तिनं सांगितलं, थांबा, म्हणाले, ती थांबली, आणि जेवढं थांबवलं तेवढं पुरलं नाही. ती ओली सलवार तिला सगळ्यांत जास्त लागली. मार विसरतो माणूस, पण तसं उभं राहणं विसरत नाही.

हेबर्लेबाई काठी टेकत येऊन पोचली होती. तिला आत सोडेनात. ती बाहेर उभी राहून त्या पोरसवदा पोलिसांना बोलीतून असं काही झोडपत होती, की त्यातले गावाकडचे दोघे खाली बघायला लागले. हे माझं माणूस आहे, ती सुरी माझी आहे, मलाही धरा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अरुणाला सोडलं तेव्हा म्हातारीनं आपला अंगातला कोट काढून तिच्या कमरेला गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली. तशा थंडीत ती बनियनवजा स्वेटरवर घरापर्यंत चालली.

पोलिसांच्या कागदावर गुन्हा दोन कलमांचा होता, तोंड झाकणं आणि सभेत हत्यार नेणं. आणि खाली नोंद होती, की संबंधित स्त्रीला विचारलं असता तिनं दोन्ही गोष्टी मान्य केल्या. राजानंदनं ते वाचलं. जा, गेनाऊ. सिंक नेलं तेव्हा तो किती हसला होता ते त्याला आठवलं असणार. अर्जाचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. पण ते तिघांच्या मधे ताटाशेजारी येऊन बसलं होतं. अरुणा स्वतःला बोल लावत राहिली, की एका चहापायी आपण पोरीचं आयुष्य टांगणीला लावलं. मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं. दीपानं तिला वरणभात कालवून भरवला. भरवताना मराठीत विचारलं, “फार दुखतंय?” किती वर्षांनी. अरुणाला त्यावर रडू आलं, मनगटावर नाही.

सोमवारी सकाळी तिनं खिडकीतून पाहिलं तर कोबीत राजानंद. रजा टाकून, तिचे गमबूट पायात बसेनात म्हणून हेबर्लेबाईच्या मेलेल्या नवऱ्याचे बूट घालून तो वाकला होता. त्याला येत काहीच नव्हतं. देठ कापायच्या ऐवजी तो गड्डाच कापत होता, आणि म्हातारी त्याच्या शेजारी उभी राहून त्याचा उद्धार करत होती. संध्याकाळी त्याला सरळ उभं राहता येईना. पाठीला तेल चोळून घेताना तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, “माझ्या आईनं हे चाळीस वर्षं केलं. मी नुसतं ते सुटावं म्हणत होतो, कसं असतं ते कधी विचारलं नाही.” दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं बेजार होऊन त्यानंही तोंडाला रुमाल बांधला, आणि बांधावरचा कॅमेरा त्याच्याकडे वळताच घाईनं सोडला. अरुणा खिडकीत हसली. आठवडाभरात शेताचा मोठा भाग निघाला. बेकरीवाला येऊन गेला, पाद्रीही दोन दिवस गड्डे फेकत होता. इतक्या माणसांनी आपल्या दोन हातांची जागा घेतली, हे बघून तिला लाजही वाटली आणि ऊरही भरून आला.

जबानीला बोलावणं आलं. गावातल्याच फ्राऊ झाइट्झ नावाच्या वकीलबाई बरोबर आल्या. त्यांचं मत होतं, की काही बोलू नका, तो तुमचा हक्क आहे. अरुणा म्हणाली, की एकदा न समजता बोलले, आता समजून बोलायचं आहे. हेबर्लेबाई चर्चला जायचा कोट घालून बरोबर आली होती, कुणी बोलावलं नसताना.

समोरचा अधिकारी थकलेला, पण सभ्य होता. त्यानं लांबच लांब वाक्यात काहीतरी विचारलं. अरुणाच्या जिभेवर ते दोन शब्द आयते येऊन उभे राहिले. तिनं ते गिळले.

“मला समजलं नाही,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “पुन्हा सांगा.”

त्यानं पुन्हा सांगितलं. तिला अर्धंच कळलं. तिनं पुन्हा म्हटलं, की नाही समजलं, हळू सांगा. वकीलबाई चुळबुळल्या. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून विचारलं. कानाच्या वर न जाणारा तो हात अरुणाला आठवला. बाबा, आज विचारलं बघा, असं ती मनात म्हणाली, आणि मग तिनं सांगितलं. वारा, ओढणी, चहा, म्यानातली सुरी, आणि न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची आपली खोड. नळवाल्याची गोष्टही सांगितली. अधिकारी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या.

हे सगळं खरं असेल, तो म्हणाला, पण तुम्ही रोज असंच तोंड बांधता याला पुरावा काय.

तेव्हा म्हातारी उठली. अरुणाला समजावं म्हणून नाही, अधिकाऱ्याला समजावं म्हणून ती शुद्ध जर्मनमध्ये बोलली, आणि अरुणाला तिचा शब्द न् शब्द कळला.

“पुरावा तुमच्याकडेच आहे,” हेबर्लेबाई म्हणाली. “किती दिवस तो दांडा माझ्या कोबीवर डोळा लावून उभा आहे. आम्हाला मुतायलाही जागा ठेवली नाही त्यानं. बघा ना त्यात. रोज सकाळी ही तशीच दिसेल, तेच फडकं, तीच सुरी. आणि मीही दिसेन, गड्डा दाखवताना.”

शेतात राबणाऱ्या बायांचं असं चित्रण करायला मुळात परवानगी होती का, असा प्रश्न मग वकीलबाईंनी काढला, आणि अधिकाऱ्यानं खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

पहिलं गोठलेलं दहिवर पडायच्या सुमाराला फ्राऊ झाइट्झ स्वतः घरी आल्या. चित्रण तपासलं होतं. त्यात रोजची ओढणी होती, रोजची सुरी होती, आणि रोज एक म्हातारी कोबी उचलून ओरडत होती. खटला निकाली निघाला होता. काही उरलं नव्हतं, आणि अर्जाच्या वाटेत आता काही येणार नव्हतं. मनगट पिरगाळल्याची तक्रार मात्र अजून कुठल्याशा टेबलावर पडून होती, आणि तिचं काय होईल ते त्यांनाही सांगता येईना. राजानंद पायरीवरच बसला. दीपानं आईला मिठी मारली. त्या दांड्याचे आभार मानावेत असं अरुणाला क्षणभरही वाटलं नाही. चोरानं घरातलीच वस्तू परत आणून दिली म्हणून कुणी त्याला पाट मांडत नाही. आभार मानायचे होते ते खालच्या मजल्यावर.

हेबर्लेबाई शेतातच होती. शेवटची एक ओळ राहिली होती. अरुणाचं मनगट अजून कुरकुरत होतं, तरी तिनं ओढणी बांधली, सुरी अडकवली आणि तिच्या शेजारी जाऊन वाकली. दोघी कापत गेल्या. ओळ संपली तेव्हा अरुणा उभी राहिली आणि तिनं मनात जुळवून ठेवलेलं जर्मन वाक्य म्हणून टाकलं, की तुम्ही मला कोट दिला त्या दिवशी मला वाटलं, माझी आई इथं आहे. म्हातारीनं नाक ओढलं आणि वाऱ्याला एक शिवी दिली.

मग ती बोलीतून भरभर काहीतरी म्हणाली. अरुणाला कळलं नाही. ती पुन्हा सांगा म्हणाली. हेबर्लेबाईनं आता सावकाश सांगितलं, की रस्त्याचं अजून मिटलेलं नाही, या शनिवारी बांधावर पुन्हा सभा आहे, पोलिस असतील, कॅमेरा असेल, तुझं भोगून झालंय, नाही आलीस तरी मला राग नाही. पण येशील का?

अरुणानं प्रत्येक शब्द नीट पोचू दिला. पोलिस तिला कळलं, कॅमेरा कळला, आणि ‘नाही आलीस तरी’ हेही कळलं. जिथं पाऊल ठेवल्यापासून सगळे जा, जा म्हणत होते त्या गावानं आपल्याला ठेवून घेतलं, हे तिला त्या चिखलात उभं राहून पुरतं कळलं. मानेवरची गाठ सोडून तिनं ओढणी गळ्यात घेतली. म्यानातली सुरी काढली आणि म्हातारीच्या हातात दिली.

“जा, गेनाऊ,” ती म्हणाली. “पण ही त्या दिवशी तुम्ही घरी ठेवायची.”